पंपघरातला टोप

ज्या दारात उभं राहून तुम्ही ‘आत्ताच जेवून आलो’ म्हणत होतात, त्याच दारातून आत जाऊन आता तुम्ही केक खाता. मधल्या काळात तिथं नेमकं काय शुद्ध झालं? भिंती त्याच आहेत. फरशी तीच आहे. तुळईवरची चेन-पुलीसुद्धा तीच आहे, फक्त तिच्या हुकाला आता पिवळा दिवा टांगलाय. बदललं असेल तर एवढंच, की तिथं राबणारे आता तिथं नाहीत.

कोपरखैरण्याच्या जुन्या पंपघराबद्दल बोलतेय मी. भराव टाकून सेक्टर आखले, बैठी घरं बांधली, आणि त्या घरांचा मैला वाहून न्यायला सुरुवातीला जी पंपघरं उभी केली त्यांतलं हे एक. सखल जागेत वसवलेल्या गावात मैला आपणहून कुठं जात नाही. तो जमिनीखालच्या नळांतून एका खोल विहिरीत जमतो आणि तिथून पंपाने वर खेचून खाडीकडच्या केंद्राला ढकलावा लागतो. पंप थांबला की पहिली खबर तळमजल्यावरच्या संडासांना मिळते. माझे बाबा तिथं पंप चालवायचे. राहायला आम्ही दिघ्याला होतो, अजून तिथंच आहोत.

बाबा युनियनचं काम करायचे. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची आणि आई ती मांडणीच्या फळ्यांवर अंथरायची. मी वाचायला शिकले ते डबे सरकवून. हळदीच्या डब्याखाली ‘हातमोजे आणि गमबूट ही भीक नव्हे’ असं होतं. पोह्यांच्या डब्याखालचं वाक्य अर्ध्यावर फाटलेलं होतं, ‘आम्ही उतरलो नाही तर तुम्ही’, पुढचं काय असेल याचा मी लहानपणी बराच विचार केला. शाळेतल्या बाई म्हणायच्या, तुझे निबंध भांडल्यासारखे असतात. मला वाटायचं, लिहितात ते भांडायलाच.

पंपघरात मला वर्षातून एकदाच जायला मिळायचं, चौदा एप्रिलला. जयंतीचं जेवण तिथं व्हायचं, पंपांच्या त्या उंच हॉलमध्ये. आदल्या दिवशी फरशी गरम पाण्यानं घासली जायची, मग फिनेल, मग पुन्हा साधं पाणी. खिडक्यांना निळ्या पताका. आणि एक नियम होता, कुणी लिहून ठेवलेला नव्हता पण मोडायची कुणाची टाप नव्हती: मागच्या न्हाणीत आंघोळ करून, घरचे कपडे घातल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही. रोज घरी निघतानाही तोच नियम होता. समोरच्या सोसायट्यांतले किती जण ऑफिसातून येऊन जेवणाआधी आंघोळ करतात, ते मला माहीत नाही आणि विचारायची इच्छाही नाही.

जेवणाची वेळ मात्र तुम्ही ठरवायचात. सकाळी अख्खा सेक्टर आंघोळी उरकतो, कपडे धुतो, तेव्हा विहीर भरभर चढते आणि सगळे पंप लागतात. दुपारी जेवून सेक्टर आडवा झाला की विहीर शांत होते, एका पंपावर भागतं. म्हणून आमची पंगत उन्हं कलायच्या बेताला बसायची. “सेक्टर घोरायला लागला, पानं वाढा,” असं बाबांच्या पाळीतले लोक म्हणायचे. एक पंप चालू असायचा आणि त्याच्या थरथरीनं पत्रावळीतलं वरण हलायचं.

स्वयंपाक मागच्या दाराशी व्हायचा, एका भल्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या टोपात. तो पंपघरातल्या माणसांनी मिळून घेतला होता. भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचं, ही आपल्याकडची रीत. लग्नात उसनं दिलेलं पातेलं परत ओळखू यायला नको का? त्या टोपावरही दुकानदाराकडून टिंबांटिंबांच्या अक्षरात नाव घालून घेतलं होतं: पंपघर, कोपरखैरणे. वांग्या-बटाट्याची भाजी त्यात आई करायची. पळी पोचायची नाही म्हणून वल्ह्याएवढा लाकडी दांडा होता.

आणि दरवर्षी समोरच्या सोसायट्यांना आमंत्रण असायचं. बाबा स्वतः पत्रक काढायचे. ‘आपल्याच पाण्याशेजारी आपण सगळे जेवू’ असं काहीतरी त्यात असायचं. माझ्या बाबांना विनोद कळतो, पण तुम्हाला तो कळेल हा त्यांचा भाबडेपणा होता. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी तेवढे यायचे. उंबऱ्यापर्यंत. हात जोडायचे, म्हणायचे, “अरे वा, छान चाललंय, पण आत्ताच जेवून आलो हो.” दरवर्षी आत्ताच जेवून यायचे. एक वर्ष बाबा म्हणाले, “मग पाणी तरी घ्या, साहेब.” तर म्हणाले, “ॲसिडिटी आहे.” पाण्यानं ॲसिडिटी होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बुंदीची पुडी मात्र त्यांनी घेतली. ती नंतर मला त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीवर दिसली. कावळे जेवत होते. कावळ्यांनी कारण सांगितलं नाही.

पुढे शेजारच्या प्लॉटवर नवीन पंपघर आलं. सगळं आपोआप चालणारं, पॅनलवर दिवे, माणसाला बसायला जागा नाही. जुन्याला कुलूप लागलं. टोप आतच राहिला, कारण पुढच्या जयंतीला इथंच लागणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती जयंती आत झाली नाही. पुढची बरीच वर्षं खिडक्यांत कबुतरं राहिली.

मग एका संस्थेला त्या इमारतीत वारसा दिसला. मी या शब्दाला हसत नाही. हे पंपघर पाडलं नाही याचा मला मनापासून आनंद झाला होता, आणि आजही मी तेच म्हणते: किल्ल्यांच्या कमानी जपता तशी मैल्याची पंपघरंही जपा, कारण तुमचं शहर उभं राहिलंय ते कमानीवर नाही. पण जपण्याची एक तऱ्हा असते. यांनी लोखंड घासून चकचकीत केलं, विहिरीवर जाड काच बसवली आणि खाली निळा उजेड सोडला. पंपांभोवती टेबलं मांडून कॅफे काढला. मागची न्हाणी, जिथं माणसं माणसांत परत यायची, तिथं आता कॉफीच्या पोत्यांचं गोदाम आहे. मेन्यूवर एका सँडविचचं नाव पंपाच्या अश्वशक्तीवरून ठेवलंय. हे ज्याला सुचलं त्याचा सत्कार झाला असणार.

बाबांना जायचं होतं. आईला नव्हतं. शेवटी मी दोघांना घेऊन गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सवयीनं निघण्याआधी दुसऱ्यांदा आंघोळ केली होती. आत शिरताच मला कोपऱ्यातल्या टेबलावर ते सेक्रेटरी दिसले. म्हातारे झालेत. समोर चॉकलेट केक. म्हणजे ॲसिडिटी बरी झाली असावी. त्यांनी बाबांना ओळखलं नाही.

हॉलच्या एका भिंतीला छोटं प्रदर्शन होतं. काचेच्या पेटीत नट पिळायचे पाने, व्हॉल्व्हची चाकं, एक फाटका गमबूट. आणि शेवटच्या चौथऱ्यावर, खास प्रकाशात, आमचा टोप. खाली पाटी: ‘विहिरीतील गाळ उपसण्याचे भांडे. त्यावर पंपघराचे नाव कोरलेले आहे.’

बाबांनी पाटी वाचली. आईला पाटी वाचायची गरज नव्हती. ती टोपाच्या काठावरून हात फिरवत होती, तेवढ्यात तिथली व्यवस्था बघणारी एक मुलगी लगबगीनं आली. माझ्याच वयाची असेल.

“मावशी, प्लीज हात नका लावू. ऑब्जेक्ट आहे ते.”

“आगं, हा आमचा टोप हाय,” आई म्हणाली. “ह्याच्यात म्या भाजी केलीय. ह्यो पोचा बघ, ह्यांनी रिक्षातून उतरवताना पाडला तवाचा.”

मुलगी हसली, छान शिकवलेलं हसू. “मावशी, हे गाळ काढायचं आहे. यावर पंपघराचं नावच आहे बघा.”

“मग? माझ्या घरच्या कळशीवर माझ्या सासऱ्याचं नाव हाय. म्हणून काय सासऱ्यात पाणी भरत्यात व्हय?”

शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी फिसकन हसलं. मुलीचा चेहरा पडला. “मावशी, तुमचा गैरसमज होतोय…”

“आन मावशी कुठली लावलीस? त्या टेबलावर म्याडम, न् इकडं मावशी?”

“जाऊ दे गं,” बाबा म्हणाले. मग त्या मुलीला, अगदी नरमाईनं: “ताई, इथं आम्ही दरवर्षी जेवायचो. जयंतीला. हा त्याचा टोप आहे.”

“इथं?” ती म्हणाली. “म्हणजे… या हॉलमध्ये? पंप चालू असताना?”

तिच्या मागे सगळी टेबलं भरलेली होती. माणसं जेवत होती, त्याच फरशीवर, त्याच पंपांच्या बाजूला. आणि इथं कुणी जेवत असेल हे तिच्या कल्पनेत मावत नव्हतं. ती वाईट मुलगी नव्हती. तिनं पुस्तकं वाचली असतील, परदेशातली पंपघरं पाहिली असतील. या खोलीत माणसं मैला उपसत होती हे तिला पाठ होतं. त्याच माणसांना भूक लागते, ती वांगी चिरतात, भांड्यावर नाव घालतात, शेजाऱ्यांना जेवायला बोलावतात, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं. मैला काढणाऱ्याच्या हातातलं भांडं मैल्याचंच असणार, हे तिला कुणी शिकवायलाही लागलं नव्हतं. ते आपल्याकडे न शिकवताच येतं.

बाबांनी तिथं एकच गोष्ट मागितली. येत्या चौदा एप्रिलला जुन्या पाळीतले जे उरलेत त्यांना घेऊन, याच टोपात शिजवून, याच हॉलमध्ये एकदा जेवायचंय. नुसती एक पंगत. मुलीनं वरिष्ठांना विचारून कळवते म्हणून सांगितलं आणि माझा नंबर घेतला.

फोन आला, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. ती म्हणाली, तुमचं बरोबर होतं, आम्ही जुन्या लोकांकडे चौकशी केली, तो टोप स्वयंपाकाचाच होता. म्हणून आम्ही तो प्रदर्शनातून काढलाय.

मी विचारलं, “काढलाय? पाटी बदलायची सोडून?”

“म्हणजे, आपला विषय स्वच्छतेचा इतिहास आहे ना. स्वयंपाकाचं भांडं त्या विषयात बसत नाही, असं सरांचं म्हणणं.”

“मग परत द्या.”

“तो आता संग्रहात नोंदला गेलाय. स्टोअरमध्ये सुरक्षित आहे.”

“आणि पंगत?”

“सॉरी, पण आत बाहेरचं जेवण आणता येत नाही. कॅफेची पॉलिसी आहे.”

गाळाचा होता तोवर टोप वारसा होता, त्याच्यावर दिवा होता. माणसांच्या जेवणाचा निघाला आणि अंधारात गेला. आणि जे जेवण त्या खोलीत होत होतं, ते आता बाहेरचं जेवण झालं. मी पुष्कळ पत्रकं वाचलीत, थोडीफार लिहिलीत, पण आमच्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मला आजवर लिहिता आलेलं नाही.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते मांडणीजवळ उभे होते, चहाची पावडर काढत. डबा त्यांनी परत फळीवर ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ दे. आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, “म्हणा की, जाऊ दे म्हणा.”

“नाही,” बाबा म्हणाले. “फाटकाबाहेर फुटपाथ आहे ना. तो काय त्यांच्या संग्रहात नाही. तिथं मांडू.”

“आन टोप?”

“तुझ्या भावाचा आणू. पण मला माझा पाहिजे.”

तर ठरलंय. येत्या चौदा एप्रिलला, दुपारी, सेक्टर घोरायला लागला की, जुन्या पंपघराच्या फाटकाबाहेर पंगत बसेल. आई उसन्या टोपात वांग्या-बटाट्याची भाजी करणार आहे आणि उसना आहे म्हणून आतापासून कुरकुरतेय. बाबांनी पुन्हा एकदा पत्रक काढलंय, तेच जुनं, सोसायट्यांसकट सगळ्यांना आमंत्रण देणारं. मी त्यांना म्हटलं, एवढा अपमान होऊनही? ते म्हणाले, बोलावणं आपल्या हातात आहे, येणं त्यांच्या.

बाबांचा भाबडेपणा माझ्यात उतरला नाही, म्हणून मी तुम्हाला आमंत्रण देत नाही, काम सांगते. त्या दिवशी घरून न जेवता या. येताना आपलं ताट आणा, नाव घातलेलं असेल तर उत्तम. आधी आत कॅफेत जा, काउंटरवर काहीही मागवू नका, फक्त विचारा, “पंपघराचा टोप कुठं आहे? तो बाहेर आणा, जेवण वाढायचंय.” नाही म्हणाले तर भांडू नका, ते मी करीन. तुम्ही बाहेर या, पंगतीत बसा आणि पोटभर जेवा.