क्लेमेंटच्या हातची गाडी

रविवारी सातिवलीचे कारखान्यांचे गाळे बंद असतात. शेवटच्या रांगेमागे एक मोकळा प्लॉट आहे. कोणीतरी पाया खणून सोडून दिला, त्याची माती तशीच ढिगाऱ्यांनी पडून राहिली आणि वर गवत आलं. श्रीरंग सावर्डेकर आणि क्लेमेंट तुस्कानो कितीतरी वर्षं दर रविवारी सकाळी तिथे रिमोटची गाडी पळवायला यायचे. खेळण्यातली नव्हे. हातभर लांबीचा, जाड दातेरी टायरांचा ट्रक होता तो. त्याच्या चारही चाकांना खऱ्या गाडीसारखे तेल भरलेले, धक्के झेलणारे शॉकअप होते, आणि मातीच्या ढिगावरून तो पुरुषभर उंच उडायचा.

ट्रक मूळचा क्लेमेंटच्या मुलाचा, मेलरॉयचा. जहाजावरून एका सुट्टीत आला तेव्हा घेऊन आला, चार दिवस पळवला आणि गास गावातल्या घरात माळ्यावर टाकून परत गेला. क्लेमेंटने तो खाली काढला.

दोघांची ओळख कारखान्यातली. प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका गाळ्यात श्रीरंग स्टोअर सांभाळायचा, क्लेमेंट तिथलाच टेम्पो चालवायचा. माल भरताना कुठली पेटी पुढे, कुठली मागे, हे श्रीरंग ठरवायचा. क्लेमेंट घाटातून परत आला की सांगायचा, "आज मागून लय हलत होती रे, श्री." पुढच्या फेरीला श्रीरंग पेट्या बदलायचा. ट्रकचंही तेच झालं. क्लेमेंट पळवायचा आणि श्रीरंग गुडघ्यावर बसून चाकांकडे बघायचा.

क्लेमेंटचा हात वेगळाच होता. वळण आलं की तो जरासुद्धा वेग कमी करायचा नाही. आयत्या वेळी रिमोटच्या गॅसवरचं बोट सोडायचा, ट्रकची शेपटी बाहेर फेकायचा आणि ती पुरती फिरायच्या आत पुन्हा गॅस द्यायचा. धुरळ्याचा अर्धा गोल उठायचा आणि ट्रक सरळ बाहेर. त्या हातासाठी श्रीरंगने ट्रक जुळवला होता. मागचे स्प्रिंग कडक, मागच्या शॉकअपमध्ये जाड तेल, पुढे सगळं मऊ, बॅटरी पुढे सरकवलेली. म्हणजे मागचा भाग हलका राहतो आणि पटकन सुटतो. बॅटरीमुळे डावी बाजू जड व्हायची, म्हणून टायरवाल्याकडून शिशाच्या पट्ट्या आणून त्याने उजवीकडे चिकटवल्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा एकेका चाकाखाली ठेवून तो हे करत बसायचा. त्याने स्वतः रिमोट क्वचितच हातात घेतला. क्लेमेंट म्हणायचा, "घे की." श्रीरंग म्हणायचा, "मला बघायला बरं वाटतं."

श्रीरंगने लग्न केलं नाही. आई होती तोवर फुलपाड्याच्या दोन खोल्यांत रेडिओ लागायचा, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. ती गेल्यावर भाऊ चिपळूणहून येऊन दिवस करून गेला. मग आठवड्याला बोलण्यासारखं माणूस म्हणजे क्लेमेंटच.

त्यानंतरच्या वर्षी क्लेमेंटची बायको वारली. मेलरॉय समुद्रावर, म्हणून मुलगी रोशनी बापाला नाशिकला स्वतःकडे घेऊन गेली. जायच्या आदल्या रविवारी क्लेमेंटने ट्रक पिशवीत घातला आणि श्रीरंगच्या हातात दिला.

"माझ्याकडे तिकडे चौथा मजला. कुठे पळवू? तुझ्याकडे राहू दे."

"महिन्यातून एकदा येशीलच की."

"येईन ना. नाशिक काय लांब आहे?"

महिने गेले. श्रीरंगने ट्रक कपाटावर ठेवला होता. एका रविवारी घरात करमेना, म्हणून त्याने तो काढला आणि एकटाच सातिवलीला गेला.

पहिल्याच वळणावर ट्रक भोवऱ्यासारखा फिरला. पुन्हा नेला, पुन्हा फिरला. ढिगावरून उडाला तो नाकावर आपटला आणि उलटा पडून चाकं फिरवत राहिला. श्रीरंग चालत जाऊन तो सरळ करायचा, परत जागेवर यायचा. दुपारपर्यंत त्याला कळलं की ट्रकमध्ये काही बिघाड नाही. तो क्लेमेंटच्या बोटांसाठी जुळवलेला होता आणि ही बोटं क्लेमेंटची नव्हती.

तरी कितीतरी आठवडे त्याने काही बदललं नाही. पान्याने मागचा शॉकअप सोडवायला घ्यायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. शेवटी एका संध्याकाळी त्याने वर्तमानपत्र पसरलं, मागचे शॉकअप काढले, जाड तेल वाटीत ओतलं आणि पातळ भरलं. बुडबुडे वर यायची वाट बघत तो बसून राहिला. मागचे स्प्रिंग मऊ घातले, पुढचे कडक. बॅटरी मागे ओढली. पुन्हा एकेका चाकाखाली काटा. बघायला समोर कोणी नव्हतं, म्हणून प्लॉटवर त्याने विटेला मोबाइल टेकवून व्हिडिओ घेतला आणि घरी येऊन तो हळू चालवून पाहिला. चाकं कधी उचलतात ते दिसायचं. पण मध्येच फ्रेममधून ट्रक निघून जायचा आणि नुसतं गवत राहायचं.

पावसाळा संपेपर्यंत ट्रक त्याच्या हाताखाली आला. हळू, पण न फिरता वळायला लागला. उडी मारली की चारही चाकांवर उतरायचा. ते पहिल्यांदा घडलं तेव्हा तो "बघितलंस?" असं मोठ्याने बोलून गेला. सुरक्षा रक्षकाने गेटवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

डिसेंबरात क्लेमेंटचा फोन आला. "पुतण्याचं लग्न आहे गासला. रविवारी सकाळी येतो प्लॉटवर. गाडी आहे ना धड?"

"आहे. ये."

फोन ठेवून श्रीरंगने ट्रक खाली काढला. मग त्याने पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. महिनोन् महिने खपून बसवलेलं सगळं काढलं आणि जुनं घातलं. मागे कडक स्प्रिंग, जाड तेल, बॅटरी पुढे. सगळं तोंडपाठ होतं. काट्यावर वजनंही पूर्वीसारखीच आली. क्लेमेंटने जसा सोडला होता तसाच ट्रक आता पुन्हा उभा होता.

क्लेमेंट रिक्षातून उतरला. लग्नाचाच कोट अंगात, जरा सैल झालेला. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले. "वाळलास," श्रीरंग म्हणाला. "रोशनी तेल देत नाही," क्लेमेंट हसला आणि रिमोटसाठी हात पुढे केला.

ट्रक सुटला. सरळ रस्त्यावर तोच जुना वेग. वळण आलं आणि ट्रक गरकन फिरला. "राहू दे, सवय गेली," क्लेमेंट म्हणाला. दुसऱ्यांदा फिरला. तिसऱ्यांदा ढिगावर तिरका चढला आणि पाठीवर आदळला.

श्रीरंग सवयीने गुडघ्यावर बसला होता. पण या वेळी तो चाकांऐवजी क्लेमेंटच्या हाताकडे बघत होता. गॅसवरचं बोट सुटायला हवं तेव्हा सुटत नव्हतं. क्षणभर तिथेच अडकत होतं, आणि सुटल्यावर थरथरत होतं.

"श्री," क्लेमेंट म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मागचं काही बदललंस काय तू?"

श्रीरंगने ट्रक उचलला, त्यावरची माती झटकली.

"हो," तो म्हणाला. "मागे तेल पातळ केलं. स्प्रिंगपण बदलले."

"तरीच!" क्लेमेंटचा चेहरा मोकळा झाला. "तरीच म्हटलं, गाडी ऐकत का नाही! माझी सेटिंग विसरलास ना?"

"विसरलो."

"तूच चालव मग. बघू तुझी करामत."

श्रीरंगने रिमोट घेतला. क्लेमेंटसाठी जुळवलेला ट्रक त्याच्या हातात पहिल्या वळणावरच फिरला. क्लेमेंट टाळी वाजवून हसला. "तुलापण जमेना! पुढच्या वेळी पहिल्यासारखी करून ठेव, बाबा. मी आधी फोन करतो."

दोघांनी थर्मासमधला चहा प्यायला. क्लेमेंटने कप दोन्ही हातांनी धरला होता. मेलरॉय कुठल्या बंदरात आहे ते त्याने सांगितलं, मग रिक्षा बोलावली आणि तो गेला.

फेब्रुवारीत रोशनीचा फोन आला. डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय, म्हणाली. "तुम्हाला कधी काही जाणवलं होतं का, अंकल?"

"नाही," श्रीरंग म्हणाला.

त्याने ट्रक पुन्हा आपल्या हाताचा करून घेतला. रविवारी दुपारी क्लेमेंट फोन करतो. आज पळवली का, विचारतो. मग श्रीरंग सांगत बसतो. ढिगाच्या डाव्या अंगाने कसा नेला, गॅस कुठे सोडला, माती ओली होती का कोरडी. पूर्वी घाटातून टेम्पो घेऊन आला की असं वर्णन क्लेमेंट करायचा. श्रीरंगला जुळवून बोलता येत नाही, तरी तो सांगणं शेवटच्या वळणापर्यंत नेतो.

परवा असंच सांगताना पलीकडून हुंकार यायचे बंद झाले. तो थोडा वेळ बोलत राहिला, मग थांबला.

"हॅलो, अंकल? रोशनी बोलतेय. पप्पांना झोप लागलीये."

"बरं, बरं. झोपू दे." फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "कुठपर्यंत ऐकलं त्याने?"

"काय माहीत, अंकल. मी आत्ताच आले खोलीत."