गुलाबी कांद्याची चौकशी

न कळलेली गोष्ट आमच्या घरमालकीणबाईंच्या तावडीतून कधी सुटून गेली नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत त्यांनी उभा जन्म भाषांतराचं काम केलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही प्रत्येक शब्दाला धरून बसवायचं, त्याची उलटतपासणी करायची, ही सवय सुटली नव्हती. घराणं मूळचं तंजावरचं. त्यामुळे त्यांचं मराठी जुन्या पत्रांतून उठून आल्यासारखं वाटे आणि मध्येच तमिळच्या चालीवर हेलकावे घेई. मी नाशिकची, इकडे तमिळ मुलखात येऊन पेरुंगुडीला एका ऑफिसात नोकरी करणारी. मैलापूरला त्यांच्या वरच्या मजल्यावर सामान लावत होते तेव्हा त्या जिना चढून आल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "'बोअर होतंय' याला तुमच्या गावांत मराठी शब्द उरला आहे कां?" मला आठवेना. पुढे चार दिवस त्या रोज सकाळी येऊन विचारत होत्या, "आठवला कां?"

घरात त्या आणि त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या आक्का. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. धाकटीने नोकरी करायची आणि थोरलीने घर चालवायचं, अशी वाटणी आईवडील असतानाच कधीतरी झाली होती आणि ती कुणी मोडली नाही. आक्कांच्या स्वयंपाकघरात धाकटीला पाण्याचा तांब्या भरून घेण्यापलीकडे मुभा नव्हती. सत्तरीला टेकलेल्या बाईंना गॅसचं कुठलं बटण कुठल्या शेगडीचं, हे ठाऊक नव्हतं.

आणि एक दिवस आक्का न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, आणि त्यांनी जेवणच सोडलं. मेसच्या डब्यातले दोन घास खायच्या आणि "पोदुम" म्हणजे पुरे, असं म्हणून भिंतीकडे तोंड करायच्या. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आली नाही तर उभं राहणं कठीण. त्या संध्याकाळी बाई वर आल्या. पहिल्यांदाच त्यांच्याजवळ शब्दाची चौकशी नव्हती. "तूं मला स्वयंपाक शिकवशील कां?" त्यांनी विचारलं. मी स्वतः फोनवरून मागवून जेवणारी. खजील होऊन मी त्यांना पुण्याच्या एका मुलीचा ऑनलाइन वर्ग शोधून दिला. दर रविवारी सकाळी टॅबवर थेट शिकवणी, आठ आठवडे. आक्काला मात्र सांगायचं नाही, ही बाईंची अट होती.

वर्गात परदेशी निघालेली मुलं होती, नवी लग्नं झालेल्या मुली होत्या आणि बाई होत्या. शिकवणारी प्रेमाने "आजी" म्हणाली, तर बाईंनी तिला थांबवलं. "मी कोणाची आजी नाहीं. विद्यार्थिनी म्हणा." मग प्रश्न सुरू झाले. चवीपुरतं मीठ म्हणजे कोणाच्या चवीपुरतं? चिमूटभर हिंग, तर चिमूट दोन बोटांची की तीन? यासाठी त्यांनी माझी चिमूट घेतली, इस्त्रीवाल्याची घेतली, दुधवालीची घेतली आणि तिन्ही कागदावर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसल्या. कुकरची शिट्टी लांबली तर ती एक धरायची की दीड, यावर एक अख्खा रविवार गेला. आणि कांदा. "कांदा गुलाबी होईपर्यंत परता" हे वाक्य त्यांनी असं मनावर घेतलं की मला खाली बोलावून कढईपुढे उभं केलं. "पाहा. पांढरा होता, मग पारदर्शक झाला, आतां पिवळा आहे. गुलाबी कुठें झाला?" मीही वाकून पाहिलं आणि मला कबूल करावं लागलं की जन्मभर हे वाक्य ऐकून मी कांद्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. बाईंनी वहीत लिहिलं, 'मूळ मजकुरांत चूक.' तोवर कांदा काळा झाला.

पहिले चार आठवडे जे शिजलं ते बाईंनी स्वतःच खाल्लं, निमूटपणे. आक्कांना डबाच जात होता. बाईंचा चेहरा उतरत चालला होता, पण वही भरत होती.

पाचव्या रविवारी अळूची पातळ भाजी होती. मी मदतीला म्हणून, खरं तर पाहायला, खाली गेले होते. शिकवणारी म्हणाली, आता हरभऱ्याची डाळ आणि चिंचेचा कोळ एकदमच घाला. बाईंनी वाटी उचलली. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "चिंच आत्तां घालूं नको गे. डाळ हटून बसेल."

बाई जागच्या जागी थांबल्या. टॅबवरच्या मुलीनेही ते ऐकलं होतं. "आत कोण आहे?" तिने विचारलं.

"माझी आक्का," बाई म्हणाल्या आणि मग हळूच आतल्या दिशेने, "तुला ऐकूं येतं?"

"पांच रविवार ऐकतें आहे," आक्का म्हणाल्या. "कालवा करून शिकतेस, ऐकूं न यायला काय झालं."

ती पुण्याची मुलगी चांगली होती. "काकू, मग चिंच कधी घालू?" असं तिने सरळ विचारलं. मी टॅब उचलून आक्कांच्या खाटेपाशी नेला. त्या दिवशी उशाला टेकून आक्कांनी वर्ग घेतला, आणि बाई स्वयंपाकघरातून प्रश्न विचारत राहिल्या. डाळ शिजली हे कसं कळायचं? दोन बोटांत दाब. किती दाबायचं? गाल ओढतेस ना लेकराचा, तितकं. बाईंनी हे काही लिहून घेतलं नाही. दुपारी आक्कांनी वाटीभर भाजी खाल्ली. "मीठ कमी," म्हणाल्या आणि वाटी पुन्हा पुढे केली.

दोन महिन्यांनी आक्का वॉकर घेऊन चालू लागल्या. एका रविवारी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाई पोळ्या करत होत्या. त्या लगेच बाजूला सरल्या आणि त्यांनी लाटणं पुढे केलं. घर ज्याचं त्याला परत द्यायचं, तशा. आक्कांनी ते घेतलं नाही. खुर्ची ओढायला सांगून त्या दारातच बसल्या.

"करून वाढ," त्या म्हणाल्या. "तव्यावरची पोळी कशी लागते तें मला आत्तां या दुखण्यांत कळलं. सगळ्यांची जेवणं होईतों माझी निवलेली असे."

बाईंनी पोळी उलटली, फुगली तशी ताटात टाकली आणि कितीतरी वेळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

आता मी ऑफिसजवळ पेरुंगुडीलाच राहते. मैलापूरला जाणं कमी झालं आहे. मागच्या खेपेला गेले तेव्हा दुपार झाली होती. भांडी मध्ये ठेवून दोघी समोरासमोर जेवायला बसल्या होत्या, आणि वांग्याच्या रसवांगीत खोबरं आधी की मागून, यावर त्यांचं काहीतरी चाललं होतं. मलाही वाढलं. माझं जेवण झालं, मी हात धुतला, गप्पा झाल्या, निघायची वेळ झाली. दारात चपला घालताना मागे वळून पाहिलं, तर दोघी अजून ताटावरच होत्या. हात वाळून गेले होते, आणि उठायची घाई कुणालाच नव्हती.