छावणी सोडण्याचा आराखडा
चोपड्यात माझ्या निवृत्तीचा सत्कार झाला, तेव्हा सूत्रसंचालकाने 'आफ्रिकेत शांतता नांदवून आलेले सुभेदार' अशी माझी ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

नोकरीचं शेवटचं वर्ष मी तिकडे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या निळ्या टोपीत काढलं. आमची छावणी गोऱ्यांच्या काळातल्या बराकींमध्ये होती. भोवती केळीच्या बागा, अगदी आपल्याकडच्यासारख्या. मग तिथल्या सरकारने परदेशी फौजांना निघायला सांगितलं. छावणी रिकामी करून त्यांच्या लष्कराला द्यायची, त्याचा आराखडा कर्नलसाहेबांनी माझ्याकडे सोपवला. दारूगोळा कधी निघणार, जनरेटर कुठल्या ट्रकवर चढणार, फाटकावर शेवटपर्यंत कोण राहणार, सगळं मी मांडलं.

आमचा दुभाष्या तिथलाच, म्हातारा शाळामास्तर. येणाऱ्या प्रत्येक भारतीय पलटणीकडून थोडी थोडी हिंदी शिकलेला. जंगलातली टोळी कुठल्या गावावर चालून येणार, हे तो आम्हाला आधी सांगायचा. त्यामुळे टोळीला त्याचं घर ठाऊक होतं.

एकदा त्याने विचारलं, "सुभेदारसाहेब, तुमच्या कागदात आम्ही कुठे आहोत?"

मी एक परिच्छेद वाढवला: छावणीत काम केलेल्या स्थानिकांना कुटुंबासह आपल्या ट्रकमधून शहरात पोचवावं. कर्नलसाहेबांनी वाचून त्यावर आडवी रेघ मारली.

"आपली जबाबदारी फाटकापर्यंत. बाहेरचं त्यांचं लष्कर बघेल."

"साहेब, त्यांचं लष्कर गेल्या वेळी टोळी यायच्या आधीच पळालं होतं."

"आराखडा उद्या वर पाठवायचाय."

मी आणखी बोलू शकलो असतो. पेन्शनला चार महिने होते. तो परिच्छेद गाळून मी कागद नव्याने टाइप केला.

ताबा देण्याच्या दिवशी बँड वाजला, झेंडा उतरला. साहेबांच्या भाषणाचं भाषांतर दुभाष्याच करत होता. "इथली जनता आता सुरक्षित हातांत आहे," या वाक्यापाशी तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे, एक शब्दही न बदलता, त्याने ते आपल्या लोकांना सांगितलं.

जाताना मला म्हणाला, "गोरे गेले तेव्हाही बँड होता. बाप सांगायचा."

मी धुळ्याला सासुरवाडीत असताना त्याचा निरोप आला. टोळी छावणीत शिरली होती, लष्कर निघून गेलं होतं. तो नातवंडांना घेऊन सरहद्दीकडे चालत निघाला होता. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

बायको म्हणाली, "हुकूम साहेबना व्हता. तुम्ही कसाले जीवले लाई लेतस?"

तिला मी त्या परिच्छेदाबद्दल सांगितलेलं नाही. सत्काराची शाल तिने कपाटात नीट घडी करून ठेवली आहे.