ग्रोथची कार्डं

सबनीसकाकूंवर खरं तर कुणी जाणत्या माणसानं लिहायला हवं. मी त्यांच्या मुलाच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन वर्षं रविवारी जात होतो, एवढीच माझी ओळख. काही चुकलं तर माफ करा.

दिल्लीत कॉलेजला आलो, तेव्हा इथे माझं कुणीच नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत एका कोपऱ्यात उभा राहून आईला फोनवर विचारत होतो, "ज्वारी पोटऱ्यात आली का?" फोन ठेवला तर समोर एक बाई पर्समधून कोरं कार्ड काढत होत्या.

"पोटऱ्यात म्हणजे?"

"कणीस बाहेर यायच्या आधी ताटाचं पोट फुगतं, ते."

त्यांनी वर इंग्रजीत 'ग्रोथ' लिहिलं, मधे माझा शब्द. मग विचारलं, "आईचं नाव काय?" शब्द जिच्याकडून आला, तिचं नाव खाली हवंच, हा त्यांचा नियम होता. मी ओशाळून म्हणालो, "आई अंगठा लावते."

"मग? शब्द तिचाच ना?" त्यांनी लिहिलं, 'गयाबाई'.

काकू सरकारी ऑफिसातून हिंदी अनुवादक म्हणून रिटायर झालेल्या. म्हणायच्या, "ग्रोथ दिसलं की आयुष्यभर डोळे मिटून 'वृद्धि' लिहिलं. कंपनीची वृद्धि, बाळाची वृद्धि, पोटातल्या गाठीचीपण वृद्धि! आता मराठीत प्रत्येक वाढीचा नेमका शब्द लिहून ठेवीन म्हणते, तर विचारू कुणाला?" घरात सगळे हिंदी बोलायचे. नातू चिडवायचा, "आजी, ग्रोथ मतलब ग्रोथ, यार!" त्या हसायच्या आणि माझ्याकडे वळायच्या, "चलो, गयाबाई काय म्हणतात?"

म्हणून मी दर रविवारी आईला फोन करायचो.

दुसऱ्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. आईला सांगायचं धाडस होईना, म्हणून तिला फोन करणंच सोडलं. काकूंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी काही विचारलं नाही. मुलानं नोएडात फ्लॅट घेतला होता, सामान बांधणं चालू होतं. मी निघताना एवढंच म्हणाल्या, "एक कार्ड राहिलंय. रोप उपटून दुसरीकडे लावलं की आधी सुकतं, मग कधीतरी पुन्हा वाढायला लागतं. त्या वाढीला काय म्हणतात? आईलाच विचार. बिल्कुल घाई नाही."

मी दोन महिने विचारलं नाही. त्या विचारतील म्हणून नोएडालाही गेलो नाही.

शेवटी एकदा फोन लावला आणि आधी नापास झाल्याचंच सांगून टाकलं. आई म्हणाली, "जेवतोस का नीट?" मी रडलो. बऱ्याच वेळानं रोपाचं विचारलं.

"मान टाकतंय आधी. मग जीव धरतंय," ती म्हणाली. "का रं?"

मी लगेच काकूंना मेसेज केला, 'जीव धरणे'. उत्तर आलं नाही. चार दिवसांनी त्यांच्याच नंबरवरून फोन आला. मी घाईनं म्हणालो, "काकू, मिळाला शब्द!"

"मी त्यांचा मुलगा बोलतोय. आई गेली, मागच्या महिन्यात. फोन आज चालू केला, तर तुझा मेसेज दिसला." तो मराठी जुळवत बोलत होता. "सॉरी, कळवायला हवं होतं. तिच्या टेबलावर एक कार्ड आहे. मधे कोरं, खाली नाव लिहून ठेवलंय. या गयाबाई कोण? कुठे प्रोफेसर आहेत का?"