घरच्या धंद्याला सुतक लागतं

आत्या गेल्या, आणि रडू यायच्या आधी मला भीती वाटली.

खरं तेच लिहायलेय. शोभतं की नाही माहीत नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. परवा सकाळी गेल्या. घरात सुतक, आणि स्वयंपाकघरात नायगावच्या एका लग्नासाठी निवडून ठेवलेले धणे.

माझा धंदा काय ते नव्या मित्रमंडळींना सांगते. मी घरी येसर करते. डाळी, धान्य, मसाले भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत येसरची आमटी नसली तर पाहुणे वर्षभर बोलून दाखवतात.

त्याआधी लातुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते. पर्मनंट.

रिझाइन केलं त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत.

"लागलेली नोकरी कामून सोडायलीस गं माय?"

मी म्हटलं, "आत्या, ऑर्डरी एवढ्या आहेत की रजा पुरेनात."

"नोकरीला सुतक लागत न्हाई. घरच्या धंद्याला लागतंय. ध्यानात ठिव."

मला हसू आलं होतं. काय पण लॉजिक!

मग त्यांनी मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. मामा आमच्या गावी, मुरुडला, धान्याच्या आडतीवर मुनीम होते. ते सोडून घरीच खव्याची भट्टी घातली. चांगली चालली. ऐन लग्नसराईत मामांची आई गेली. भट्टी विझली ती विझलीच. परत आडतीवर गेले तर तिथं दुसरा माणूस बसलेला.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. दर वेळी शेवट एकच. "सुतकानं बुडवलं."

त्यांची भीती साधीसुधी नव्हती. मी नोकरी सोडल्याचं त्यांनी मुरुडला कुणाला सांगितलंच नाही. पाहुणे मुक्कामाला आले की सकाळी माझ्या हातात पर्स द्यायच्या. "जा, हाफिसात जाऊन ये."

कुठल्या हाफिसात?

मी आपली इस्त्रीची साडी नेसून गंजगोलाईच्या बाजारात चकरा मारायची. एकदा तिथंच मुरुडच्या नणंदबाई भेटल्या. म्हणाल्या, "आज सुट्टी का वहिनी?" मी म्हटलं, "हाफ डे." घरी येऊन सांगितलं तर आत्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि लगेच गप्प झाल्या. "पण तिला कळलं न्हाई ना?"

असं किती दिवस चालणार होतं? वास लपतो का येसराचा?

गेल्या महिन्यात आत्यांनी अंथरूण धरलं. मुरुडहून तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, बघायला आले. मी पेज भरवत होते. आत्यांनी माझा हात बाजूला केला.

"तात्या, ही नोकरीला जात न्हाई. घरी येसर करती. लई दिवस झाले."

तात्या म्हणाले, "ठावं हाय वहिनी. समद्या मुरुडाला ठावं हाय."

आत्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मी गेल्यावर इची कढई बंद करू नका."

"अवो पण सुतकात? लग्नाचं सामान कोण घेईल?"

"घेऊ दे, न घेऊ दे. पण सांगून करावं." मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या मामाचा धंदा सुतकानं न्हाई बुडाला गं. आई गेल्याचं लपवून त्यांनी परगावी एका घरी साखरपुड्याला खवा दिला. चार दिवसानं फुटलं. मग तेरा दिवस झाले तरी कुणी दारात आलं न्हाई. मला म्हाईत होतं. मीच पातेलं झाकून दिलं होतं त्यांच्या हातात."

तात्यांनी मान खाली घातली. त्यांनाही ते माहीत होतं.

इतकी वर्षं ती बाई सुतकाला दोष देत राहिली. आणि भीत राहिली, की माझ्याही घरात तेच होईल.

आज सकाळी राख सावडून आलो. मी धण्याच्या परातीपुढं नुसती बसून होते. ह्यांनी हळूच विचारलं, "लग्न तोंडावर आलंय. देऊन टाकायचं का? पिशवीवर काय सुतक लिहिलेलं असतंय?"

त्यांना मामांच्या खव्याचं काही माहीत नव्हतं. आत्या बोलल्या तेव्हा ते घरात नव्हते. तरी नेमकं तेच.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आपणहून नायगावला फोन लावला.

म्हणून ही पोस्ट.

नायगावच्या ताई, तुमचा फोन लागत नाहीये. निरोप ठेवलाय, इथंही लिहिते. माझ्या घरात सुतक आहे. तुम्हाला चालणार नसेल तर राग नाही, दुसरीकडून घ्या, मी नाव सुचवते. हे बाकीच्या ऑर्डरवाल्यांनाही.

मला भीती वाटतेय. खूप वाटतेय. लग्नसराई आत्ताच सुरू झालीय. एकदा लोकांनी दुसरं दार धरलं की परत येत नाहीत, हे आमच्या घराला कुणी शिकवायला नको. ऑफिसातली माझी खुर्ची तर केव्हाच भरलीय.

भाऊकीतल्या दोन बायका आत बसल्यात. कढई चढवली की काय बोलतील ते मला पाठ आहे.

तरी चढवलीय.

धणे जरा जास्त भाजले गेले. आत्या असत्या तर खोलीतूनच ओरडल्या असत्या, "वास बदलला गं, उतरव."

आता रडू येतंय.

फोन शेजारीच ठेवलाय. अजून वाजला नाही.

आत्या, सांगून टाकलं बघा सगळ्यांना. आता कुणी आलं तरी मला पर्स घेऊन बाहेर जायचं नाही.

तुम्ही निवांत जा.