सुजाताच्या कसम परेडला कोण आलं होतं?

हे लिहू की नको, यातच चार महिने गेले. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही. गावात कुणी भुताची गोष्ट काढली की मीच उलटे प्रश्न विचारून त्याला गप्प बसवायचो... आता मला कुणीतरी तसं गप्प बसवावं, म्हणून लिहितोय.

आम्ही लासुर्ण्याचे, तालुका इंदापूर. सुजाता आमची एकुलती एक. ती कालव्याच्या रस्त्यानं पळायची आणि मी मोटरसायकलवरून मागे, हातात घड्याळ. तरुणपणी मी स्वतः भरतीत छातीच्या मापात बसलो नव्हतो. त्यामुळे ती मिलिटरी पोलिसात निवडली गेली तेव्हा मी बारामती स्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितलं. सुनीता – माझी बायको – म्हणायची, "अहो, पुरं आता! लोक तुमाला बघून वाट बदलायला लागल्यात."

ट्रेनिंग बंगळूरला. शनिवारी सकाळी कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरचा शपथविधी. गुरुवारी दौंडहून आमचं रिझर्व्हेशन. बॅगा भरल्या आणि दुपारी माझ्या छातीत कळ आली. बारामतीच्या हॉस्पिटलात नेलं. ब्लॉकेज निघालं. शनिवारी सकाळी अँजिओप्लास्टी ठरली; आदल्या रात्रीपासून उपाशी राहायला सांगितलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "परेड बघून सोमवारी येतो ना."

"सर, सोमवार बघायचाय ना?" एवढंच म्हणाले.

सुजाताला मोबाईल परेड झाल्यावरच मिळणार होता. ट्रेनिंग सेंटरच्या ऑफिसात फोन करून निरोप देता आला असता, पण सुनीता म्हणाली, "नका कळवू. पोरगी रडत परेड करील."

शनिवारी आठला मला आत घेतलं. वरचा दिवा आठवतो, गुंगीचं इंजेक्शन आठवतं. पुढचं काही नाही. शुद्धीवर आलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

साडेबाराला फोन वाजला. सुनीतानं स्पीकर लावला.

"आई, पप्पा कुठं गेलं? मला न भेटताच निघालं व्हय?"

सुनीतानं फोन माझ्याजवळ धरला.

"सुजाता," मी म्हटलं, "आम्हाला यायला जमलं नाही गं."

"चेष्टा करू नका पप्पा. तिसऱ्या रांगेत, कडंच्या खुर्चीवर बसला होता की! शपथ घेताना तुमी बरोबर माझ्या समोर. नवा शर्ट घातला होता – बिस्कीट कलरचा."

तो शर्ट मी परेडसाठीच शिवून घेतला होता. तिनं पाहिलेला नव्हता. प्रवासाला भरलेली बॅगच आम्ही हॉस्पिटलात आणली होती; सुनीतानं ती कॉटखालून ओढून उघडली. शर्ट आत होता. शिंप्यानं घातलेली घडी तशीच, आतला कागदसुद्धा तसाच.

त्या दिवशी तिला सगळं खरं सांगून टाकलं. ती रडली, चिडली. आणि मी माझी समजूत घातली – पोर वाट बघत होती, माझ्यासारखा दिसणारा कुणी असेल, बिस्कीट रंगाचे शर्ट काय कमी असतात? पटलं. महिनाभर नीट झोप लागली.

मग सुजाता सुट्टीवर आली. तिच्या बॅचची स्नेहल आणि तिची आई गडहिंग्लजहून आम्हाला भेटायला आल्या. सुनीता पाणी आणायला आत गेली. स्नेहलची आई दारातच थबकली आणि मला म्हणाली, "भाऊ, आता जेवतासा न्हवं?"

मला वाटलं, आजारपण कळलं असेल. "व्हय, आता सगळं चालतं. स्टेंट बसवलाय."

"कसला स्टेंट?" ती गोंधळली. "परेडला मी लाडू दिला तर घेतला न्हाईसा. म्हणालासा, डॉक्टरनी उपाशी ऱ्हायला सांगितलंय. म्हणून इचारलं."

मी सुजाताकडे बघितलं. ती मान हलवत होती – "मी ह्यांना काहीच सांगितलेलं न्हाय पप्पा."

"आणखी काय बोललो मी?"

"काय न्हाई. पोरी शपथ घ्याय लागल्या तसं उभारलासा. डोळं पुसत हुतासा. मी स्नेहलकडं बघितलं, परत वळले तर खुर्ची मोकळी."

दुसऱ्या दिवशी मी बारामतीला जाऊन फाईल मागितली. डॉक्टरांना तीनदा विचारलं – माझं हृदय मध्ये थांबलं होतं का? श्वास? काहीतरी? ते म्हणाले, "सर, अगदी सरळ केस होती. काहीच झालं नाही."

तेव्हापासून बसवत नाही. वर्तमानपत्र उघडतो, मिटतो. उगाच कालव्यापर्यंत चालत जातो, परत येतो. सुनीता म्हणते, चांगलंच झालं की, पोरीला तुमी दिसला. सुजाताही आता तेच म्हणते. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर जरूर सांगा. पण मला खुपतं ते वेगळंच आहे. माझ्या पोरीनं वर्दीत, तिरंग्यासमोर शपथ घेतली, ते त्या खुर्चीवर बसलेल्यानं डोळे भरून बघितलं. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मी कितीही डोळे मिटले तरी मला हॉस्पिटलचा दिवाच दिसतो... आणि खरं सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटतो.