भुजंगरावांनी लावलेली कडी

लॅबमधल्या संगणकावर नवं सॉफ्टवेअर घालायचं म्हटलं की भुजंगराव आधी स्क्रीनकडं पाहून विचारायचे, "सोबत कोण कोण हाय?" आमचे संगणक लिनक्सवर चालणारे. तिथं एक प्रोग्रॅम मागवला की पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणारी व्यवस्था, त्याला लागणारी आणखी पाच-सात पॅकेजं, तीही अमुकच आवृत्तीची, ओढून आणतो. भुजंगरावांना हे मुळीच खपत नसे. "नवरदेव बोलावला तर मामा, मावसा, समदी वरात कशाला पायजे?" असं म्हणत ते चष्मा पुसायचे आणि नकाराच्या तयारीला लागायचे.

देवगाव फाट्याजवळच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते लॅबप्रमुख, मी संगणकाची शिक्षिका. मी लागायच्या आधीच त्यांनी विद्यार्थ्यांच्या हजेरीचा एक प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. त्याला एका लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडची, जुनीच आवृत्ती लागायची. नव्या आवृत्तीवर चालेल असा तो पुन्हा लिहिणं त्यांना जमत नव्हतं, आणि जमत नाही हे कबूल करणं तर त्याहून नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक संगणकावर ती जुनी आवृत्ती बदलताच येणार नाही अशी अडवूनच ठेवली होती. मग काहीही नवं घालायला जावं, तर मशीन म्हणे जमत नाही, आणि भुजंगराव हात वर करून मोकळे. "मशीनच न्हाई म्हणायलंय, मॅडम. आपुन काय करावं?" स्वतःच आतून कडी लावायची आणि बाहेरच्याला सांगायचं, दार उघडत नाही! हे कसब मी तोवर फक्त कचेऱ्यांत पाहिलं होतं.

यंदा बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी नवं सॉफ्टवेअर आलं, आणि त्याला तीच लायब्ररी नव्या आवृत्तीची हवी होती. दोन आवृत्त्या एका घरात नांदेनात. चार दिवसांत लॅब तयार झाली नाही तर केंद्र परभणीला जाणार होतं. मी रोज भांडत होते. त्यांचं पालुपद एकच: "चालू हाय त्याला कशाला छेडायचं?"

तिसऱ्या दिवशी सुषमा लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या खेड्यातून चालत येणारी ही मुलगी कधी मान वर करून बोलत नसे.

"सर, परभणीला बाबा पाठवायचे न्हाईत. माझं वर्स जाईल."

"जा, अभ्यास कर," भुजंगराव तिच्यावर खेकसले.

ती गेल्यावर मात्र त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि जुन्या आवृत्तीवरची अडवणूक उठवून परीक्षेचं सॉफ्टवेअर मागवलं. काढून टाकायच्या पॅकेजांत एकच नाव आलं, त्यांच्या हजेरीच्या प्रोग्रॅमचं. खाली प्रश्न होता, पुढं जायचं का?

"मॅडम, तुमी दाबा."

"प्रोग्रॅम तुमचा आहे सर, तुम्हीच दाबा," मी म्हटलं. जिंकल्याचा माज होता माझ्या आवाजात. आज त्याची लाज वाटते.

त्यांनी बटण दाबलं. परीक्षा आमच्याकडंच झाली, सुषमानंही दिली.

त्यानंतर दोनच महिन्यांत ते निवृत्त झाले. शाल, नारळ झाल्यावर त्यांनी आमचे कारकून शेखभाई यांना विचारलं, "हजेरीचं कसं चालवायलात आता?"

"लय हाल हायत सर, तुमच्या प्रोग्रॅमवाचून."

मी हसू दाबलं. शेखभाई गेली तीन वर्षं हजेरी वहीतच लिहीत होते. भुजंगराव येताना दिसले की तेवढा प्रोग्रॅम उघडून ठेवायचे. सगळ्या कॉलेजला हे माहीत होतं.

भुजंगरावांना सोडायला मी फाट्यापर्यंत गेले. सेलूच्या बसची वाट बघता बघता ते म्हणाले, "शेखभाई वहीतच लिवायलेत. मला ठाव हाय, मॅडम. पयल्यापासून ठाव हाय."

"मग एवढा हट्ट कशाला धरलात?"

"सगळी नोकरी दुसऱ्यानं केलेलं मशीनमधी घालण्यात गेली. मी केलेलं असं तेवढं एकच होतं."

बस आली. इतकी वर्षं मी त्यांना टोमणे मारत आले, त्या दिवशी मात्र त्यांची शाल-नारळाची पिशवी उचलून बसमध्ये ठेवून दिली.